आयुर्वेदाची तत्त्वे आणि खानदेशचे हवापाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वात, पित्त, कफ म्हणजे नेमके काय? ते तपासणीत दिसतात का?

रक्त-लघवीच्या तपासणीत ते दिसत नाहीत. शरीरात चालणाऱ्या कामांची ती तीन गटांतली मांडणी आहे. हालचाल, श्वास, मलमूत्राचे वेग ही वाताची कामे. पचन, उष्णता, त्वचेचा रंग, दृष्टी ही पित्ताची. बांधणी, स्निग्धता, स्थैर्य ही कफाची. तिघांचे गुण ठरलेले आहेत: वात रूक्ष, हलका, थंड, चल, पित्त उष्ण, तीक्ष्ण, द्रव, कफ जड, थंड, स्निग्ध, मंद. सगळा उपचार या गुणांवर उभा आहे. सारख्याने सारखे वाढते, विरुद्धाने कमी होते.

उदाहरण घ्या. वीज रात्रीच येते म्हणून शेतकरी रात्रभर पिकाला पाणी भरत जागतो, सकाळी कोरडी भाकर खातो, दिवसभर उन्हात राबतो. जागरण, कोरडे अन्न, श्रम हे तिन्ही रूक्ष आणि चल. मग वात वाढून कंबर धरते, पोट साफ होत नाही, झोप उडते. इथे गरम जेवण, भाकरीवर तूप आणि दिवसा का होईना पुरी झोप हाच पहिला उपचार. सुश्रुताने चिकित्सेचे सार 'निदान परिवर्जन' असे सांगितले, म्हणजे ज्या कारणाने रोग झाला ते आधी सोडणे. कारण चालू ठेवून घेतलेल्या औषधाचा उपयोग अर्धवटच होतो.

प्रत्येक पुस्तकात, व्हिडिओत वेगळा सल्ला असतो. खानदेशात राहणाऱ्याने कोणता धरावा?

आधी आपला देश ओळखावा. इथे देश म्हणजे भूमी. आयुर्वेद भूमीचे तीन प्रकार करतो: जांगल, आनूप आणि साधारण. जांगल म्हणजे उघडी, कोरडी, कडक उन्हाची आणि वाऱ्याची जमीन. तिथे खैर, धावडा, शमी, बोर ही झाडे वाढतात आणि माणसांत वात-पित्ताचे विकार जास्त असतात, असे चरकसंहितेत वर्णन आहे. जळगाव-धुळ्याकडची तापीकाठची सपाटी या वर्णनात चपखल बसते. मेहरूणची बोरे उगाच नावाजली गेली नाहीत. आनूप म्हणजे पाण्याची, दाट झाडीची, दमट जमीन, जशी कोकणपट्टी किंवा केरळ. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत पावसाळ्यात हवा आनूपाकडे झुकते. म्हणून एकाच जिल्ह्यात डोंगरावरच्या तोरणमाळच्या माणसाचे आणि सपाटीवरच्या शहाद्याच्या माणसाचे पथ्य एकसारखे असेलच असे नाही.

दमट भागात कफ-मेद वाढतो, म्हणून तिथे कोरड्या चूर्णांनी अंग चोळणे, रूक्ष स्वेद (कोरडा शेक), तिखट-कडू द्रव्ये यांवर भर असतो. तेच उपचार चैत्र-वैशाखात भुसावळच्या माणसाने केले तर त्वचा फुटते, मलावरोध होतो, झोप जाते. उपचार शास्त्रातलाच असतो, पण तो या भूमीला आणि या ऋतूला लागू पडत नाही. इथल्या कोरड्या उष्णतेत तूप, दूध, गोड-कडू चव आणि स्नेहन (तेल-तुपाचा वापर) यांना वरचे स्थान आहे. अभ्यंगाला हिवाळ्यात तिळाचे तेल उत्तम. पारा ४२-४५ अंशांवर गेल्यावर उष्ण वीर्याचे (शरीरात उष्ण पडणारे) तिळाचे तेल रोज चोळण्याऐवजी खोबरेल तेल किंवा वाळा-चंदनाने सिद्ध केलेले तेल वापरावे, तेही सकाळी लवकर.

ऊन मे महिन्यात असते, पण आंबट ढेकर, जळजळ, अंगावर पित्त उठणे याचा जोर ऑक्टोबरमध्ये का?

दोष साठतो एका ऋतूत आणि उसळतो पुढच्या ऋतूत. याला चय, प्रकोप आणि प्रशम म्हणतात. वात ग्रीष्मात साठतो, वर्षात उसळतो, शरदात शमतो. पित्त वर्षात साठते, शरदात उसळते, हेमंतात शमते. कफ थंडीत साठतो, वसंताच्या उन्हाने पातळ होऊन उसळतो, ग्रीष्मात शमतो. पावसाळ्यात पाणी आणि अन्न आंबट विपाकाचे (पचनानंतर आंबट परिणाम करणारे) होते, पित्त जमत राहते. पाऊस उघडून एकदम कडक ऊन पडले की ते बाहेर येते. म्हणून शोधनाचे, म्हणजे साठलेले दोष बाहेर काढण्याचे, वेळापत्रकही ठरलेले आहे: वसंतात वमन (औषधाने उलटी), पावसाळ्यात बस्ती (गुदमार्गाने औषध), शरदात विरेचन (रेच). शरदात दही, आंबवलेले पदार्थ, तळण आणि दुपारचे ऊन टाळावे. कोजागरीचे दूध या ऋतूला अगदी योग्य आहे.

एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. ऋतू पंचांगापेक्षा लक्षणांवरून ओळखावा. ग्रंथात चैत्र-वैशाख हा वसंत आहे. खानदेशात तेव्हा लू वाहते. अशा उन्हात वमन कर्म करणे धोक्याचे. इथे ते माघ-फाल्गुनातच उरकावे.

उन्हाळ्यात ताक भरपूर प्यावे ना?

ताक आंबट आणि उष्ण वीर्याचे आहे. उष्णकाळी, तसेच दाह, चक्कर आणि रक्तपित्त (अंगातून रक्त जाण्याचा विकार) असताना ताक देऊ नये, असे सुश्रुतसंहितेत स्पष्ट आहे. घरोघरी ते चालते, कारण थंड लागते. प्यायचेच तर त्याच दिवशी घुसळलेले, गोडसर, लोणी काढलेले, जिरे आणि किंचित साखर घालून, जेवणासोबत एक पेलाभर. दुपारपर्यंत आंबून गेलेले ताक मिरचीच्या फोडणीसह पिऊ नये.

त्यापेक्षा धन्याचे हिम करा. १० ग्रॅम धने जाडसर कुटून ६० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे सहापट पाण्यात, मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवावेत. सकाळी हाताने चुरून गाळावे, खडीसाखर घालून प्यावे. उकळू नये, उकळले की ते हिम राहत नाही. मधुमेह असेल तर साखर वगळा. सातूचे पीठ गार पाण्यात कालवून घेणेही ग्रीष्मातले जुने पथ्य आहे. या एकाच ऋतूत दुपारची झोप शास्त्राला मान्य आहे. व्यायाम मात्र निम्म्या ताकदीवर आणावा.

अग्नी चांगला आहे की मंद, हे घरी कसे ओळखावे?

आधीचे जेवण पचल्याची खूण पाहा. ढेकर शुद्ध येते, त्यात खाल्लेल्याचा वास नसतो. अंग हलके वाटते, उत्साह वाटतो, मलमूत्राचे वेग नीट येतात, खरी भूक आणि तहान लागते. ही सगळी लक्षणे दिसली तर पुढचे जेवण घ्यावे. घड्याळात एक वाजला म्हणून जेवणे वेगळे.

अग्नी चार प्रकारचा. कधी पचते, कधी पोट फुगते तो विषम, वाताचा. सारखी भूक, उशीर झाला की जळजळ, तो तीक्ष्ण, पित्ताचा. थोडे खाल्ले तरी जड, तो मंद, कफाचा. वेळेवर सहज पचवणारा तो सम. अर्धवट पचलेल्या अन्नरसाला आम म्हणतात. जिभेवर पांढरा थर, अंग जड, तोंडाला चव नाही, मल चिकट आणि पाण्यात बुडणारा ही त्याची लक्षणे. आम असताना तूप, बदाम, च्यवनप्राश सुरू करणे ही सर्रास होणारी चूक आहे; ते पचत नाही आणि आम वाढतो. आधी एक-दोन वेळचे लंघन किंवा मुगाचे कढण, सुंठीचे पाणी, मगच पौष्टिक.

श्रावणात अग्नी वर्षातला सर्वांत दुबळा असतो, आणि नेमके तेव्हाच खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाचे रोट (जाड पोळ्या) येतात. रोट प्रसादाचे आहेत, ते खावेतच. त्या दिवशी दुसरे जेवण वगळावे आणि रात्री फक्त गरम पाणी किंवा पातळ कढण घ्यावे.

भरीत आणि कळण्याची भाकरी जड, वातूळ म्हणतात. खरे का?

वांग्याबद्दल भावप्रकाश या जुन्या ग्रंथात नेमका उल्लेख आहे. निखाऱ्यावर भाजलेले वांगे किंचित पित्तकर, पण कफ, मेद, वात आणि आम कमी करणारे, अतिशय हलके आणि भूक वाढवणारे. तेच तेल-मिठासह जड आणि स्निग्ध होते. म्हणजे काड्यांच्या जाळावर भाजलेले वांगे पचायला हलके, आणि त्यावर शेंगदाणा तेलाची वाटी ओतली की जड. खानदेशात भरताचा हंगाम मार्गशीर्ष-पौषाचा. तेव्हा अग्नी वर्षातला सर्वांत बळकट असतो, म्हणून तेलही पचते. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो. उडीद जड, उष्ण, वात कमी करणारा, पण कफ-पित्त वाढवणारा. थंडीला अगदी अनुरूप. हेच ताट वैशाखात मांडले तर जळजळ होणारच. मूळव्याध, खाज, आम्लपित्त असणाऱ्यांनी थंडीतही हात आखडता ठेवावा, तेल निम्मे करावे आणि लसूण-मिरची बेताची घालावी.

मिरची, शेंगदाणा, बटाटा हे चरकाच्या काळी नव्हते. मग त्यांचे गुण कसे ठरवायचे?

ही पिके अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर इकडे आली. जुन्या ग्रंथांत तिखटपणासाठी मिरे, पिंपळी, सुंठ आहेत. नव्या द्रव्याला जुन्या कसोट्या लावता येतात: चव म्हणजे रस, शरीरात उष्ण पडते की थंड हे वीर्य, पचनानंतरचा परिणाम म्हणजे विपाक. मिरची कटू रसाची, उष्ण, तीक्ष्ण. नंदुरबारची लाल मिरची चाखल्यावर याला पुरावा मागावा लागत नाही. सुंठ आणि पिंपळी तिखट असूनही त्यांचा विपाक मधुर मानला आहे, म्हणून त्या अग्नी वाढवूनही तितक्या जाळत नाहीत. मिरचीला ही सवलत देता येत नाही. पित्ताच्या माणसाने काळ्या मसाल्यातली मिरची कमी करून धने आणि खोबरे वाढवावे.

शिकरण विरुद्ध आहार आहे का? आमच्या घरी तर केळीच केळी.

चरकाने दुधासोबत न घ्यायच्या फळांच्या यादीत केळे धरले आहे, आणि वाग्भट या ग्रंथकाराने ताक-दह्यासोबत केळे वर्ज्य सांगितले आहे. पण तोच वाग्भट पुढे सांगतो की व्यायाम करणारा, तरुण, बळकट, प्रखर अग्नीचा माणूस, सवयीचा पदार्थ किंवा थोडे प्रमाण असेल तर विरुद्धही बाधत नाही. रावेर-यावलच्या मळ्यात राबणाऱ्याला वाटीभर शिकरण सोसेल. सर्दी, दमा, इसब, वारंवार घसा धरणारे मूल यांना मात्र बंदच. केळे नुसते, जेवणाच्या मधल्या वेळी, वर वेलचीची चिमूट घालून खावे.

काढा किती पाण्यात करायचा, किती आटवायचा?

मऊ द्रव्य (पाने, फुले) असेल तर चौपट पाणी, मध्यम असेल तर आठपट, कठीण मुळे-साली असतील तर सोळापट. आटवून एक चतुर्थांश ठेवायचा. म्हणजे १० ग्रॅम साल, १६० मिलिलिटर पाणी, उरलेला काढा ४० मिलिलिटर. शार्ङ्गधर या ग्रंथकाराच्या पद्धतीत सोळापट पाणी अष्टमांशापर्यंत आटवतात, तो काढा दाट आणि मात्रेने कमी. वैद्याने कोणता सांगितला आहे ते विचारून घ्या.

बिघडते ते बहुधा चार ठिकाणी. द्रव्य वस्त्रगाळ पूड असेल तर ते तळाला लागते, करपते आणि गाळही निघत नाही, भरडच हवी. आच मोठी असेल तर पाणी उडून जाते आणि द्रव्यातला अंश उतरत नाही. भांडे झाकू नये. आणि पाणी नजरेने मोजू नये: आधी चतुर्थांश पाणी भांड्यात घालून काडीवर खूण करावी, मग उरलेले ओतावे, खुणेपर्यंत आटले की उतरवावे. ॲल्युमिनियमचे भांडे नको, स्टील किंवा मातीचे घ्यावे. काढा त्याच दिवशी संपवावा.

तुळस, पुदिना, दालचिनी, गवती चहा यांचा काढा करूच नये. त्यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात आहे. यांचा फांट करावा: चौपट उकळते पाणी द्रव्यावर ओतून झाकण ठेवावे, कोमट झाल्यावर गाळावे.

घरी औषधी तेल सिद्ध करता येते का?

येते. कल्क (द्रव्य वाटून केलेला लगदा) १ भाग, तेल ४, द्रव १६. म्हणजे ५० ग्रॅम कल्क, २०० मिलिलिटर तेल, ८०० मिलिलिटर पाणी किंवा काढा. पसरट जाड बुडाच्या भांड्यात, मंद आचेवर, सतत हलवत. पाणी आटत आले की कल्क बोटांत घेऊन वळावा. वात वळली गेली आणि ती आगीवर धरल्यावर तडतडली नाही तर मध्यम पाक झाला. शेवटी तेलावर फेस येतो. तुपात उलट, फेस बसतो. तडतडते म्हणजे पाणी उरले आहे, ते तेल महिन्याभरात खवट होईल. कल्क कडक, काळा झाला तर खर पाक; तो फक्त बाहेरून चोळायला. नाकात घालायचे तेल घरी करू नये.

मध गरम पाण्यात घेतला तर वजन उतरते ना?

मध गरम करणे आणि गरम पदार्थात घालणे आयुर्वेदाला मान्य नाही. पाणी पूर्ण निवल्यावर घाला. मध आणि तूप समान वजनाने एकत्र घेऊ नये, एक दुसऱ्याच्या दुप्पट असावे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, जन्मघुटीतही नाही. त्यातून दुर्मीळ पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

पंचकर्म म्हणजे मसाज आणि वाफ का?

नाही. मसाज आणि वाफ, म्हणजे स्नेहन-स्वेदन, ही तयारी आहे. मुख्य कर्मे वमन, विरेचन, बस्ती, नस्य (नाकात औषध), रक्तमोक्षण (रक्त काढणे). आधी तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेने औषधी तूप, मग स्वेदन, मग कर्म, आणि नंतर पेज, घट्ट पेज, मुगाचे कढण असे हळूहळू नेहमीच्या जेवणावर येणे. हा शेवटचा टप्पा, संसर्जन क्रम, लोक सर्वाधिक मोडतात. विरेचनानंतर दुसऱ्याच दिवशी शेवभाजी खाल्ली की मंदावलेला अग्नी आणखी ढासळतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या वाचकांसाठी आणखी एक बाब फार महत्त्वाची. इथल्या भिल्ल, पावरा समाजात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात हातपाय, सांधे, हाडे ठणकतात आणि ते संधिवात किंवा आमवात समजले जाते. अशा रुग्णाला घाम काढणे, रेच देणे किंवा उपाशी ठेवणे घातक आहे, कारण शरीरातले पाणी कमी झाले की दुखण्याचा तीव्र झटका येतो. लहान वयापासून सांधेदुखी, वारंवार फिकेपणा, डोळे पिवळे असतील तर पंचकर्माआधी सरकारी दवाखान्यात सिकल सेलची तपासणी करून घ्यावीच. आम्ही यात तडजोड मानत नाही.

मुलाच्या पोटाला डाग देतात, तो अग्निकर्मच ना?

नाही. सुश्रुताचे अग्निकर्म टाच, सांधा, मस अशा ठरावीक जागी, ठरावीक साधनाने करायचे असते, आणि बालक, वृद्ध, दुबळा, भित्रा यांना ते निषिद्ध सांगितले आहे. तापल्या विळ्याने बाळाच्या पोटावर दिलेल्या चटक्याला शास्त्राचा कोणताही आधार नाही. बिब्ब्याचेही तसेच: शुद्ध न केलेल्या बिब्ब्याचे तेल कातडीवर फोड आणते. लागलेच तर साबण-पाण्याने धुऊन खोबरेल तेल लावावे, फोड पसरले तर दवाखाना.

कावीळ उतरवायला झाडपाला पुरतो का?

कावीळ अनेक कारणांनी होते. आयुर्वेदानेही भेद केला आहे: डोळे-लघवी पिवळी आणि मल मात्र तिळाच्या पिठासारखा पांढरट असेल तर पित्ताची वाट अडली आहे, हा शाखाश्रित कामला. अडथळा खडा किंवा गाठ असू शकतो, म्हणून सोनोग्राफी आधी. नवजात बाळ, गरोदर बाई, गुंगी येणारा रुग्ण यांना झाडपाल्यावर एक दिवसही थांबवू नये.

आयुर्वेदिक औषधांचे दुष्परिणाम नसतात ना?

असतात. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतले तर रक्तदाब वाढतो. सोनामुखीची सवय लागून आतडे सुस्त होते. कोविडच्या काळात गुळवेलीचे रोज सेवन करणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी झाल्या. त्यात चुकीची जात वापरली गेल्याचीही चर्चा होती. खोडावर ठळक गाठी-गाठी असलेली वेल औषधाची गुळवेल नव्हे. पारा, शिसे, सोमल असलेली रसौषधे तर देखरेखीखालीच घ्यावीत. पुडीत बांधून दिलेली, नाव-घटक-लायसन्स क्रमांक नसलेली राखाडी पूड घेऊ नका. मधुमेह, कर्करोग बरा करण्याच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेत. जाहिरातीत असा दावा दिसला की तिथेच ओळखा. आणि इन्सुलिन, रक्तदाबाची किंवा फिटची गोळी काढा सुरू केला म्हणून परस्पर थांबवू नका.

युनानी, सिद्ध ही वेगळी शास्त्रे आहेत का?

हो. युनानी ग्रीक-अरबी परंपरेतून आली. ती दम, बलगम, सफरा, सौदा हे चार खिल्त (शरीरातले द्रव) आणि माणसाचा मिजाज (प्रकृती) यावर विचार करते. सिद्ध तामिळ भूमीतली, सोवा-रिग्पा लडाख-हिमालयातली. होमिओपॅथी जर्मनीतली. या सगळ्यांना भारत सरकारच्या आयुष मंत्रालयात जागा आहे, पण एका शास्त्राच्या औषधाला दुसऱ्याचे पथ्य जोडू नये.

कोणत्या वेळी काढा-लेप बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे?

छातीत दाब, एका बाजूचे हात-पाय लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, उलटी किंवा शौचातून रक्त, बाळाचा ताप आणि सुस्ती, गरोदरपणातला रक्तस्राव. उन्हात माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर गार पाणी शिंपडत वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पन्हे किंवा पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. साप चावला तर चिरा देणे, विष ओढणे, घट्ट आवळपट्टी बांधणे काही करू नये. अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, चावलेला अवयव हलू न देता गाडीत झोपवून न्यावे, आणि चावल्याची वेळ डॉक्टरांना नेमकी सांगावी.